माळाच्या उतारावर पिकवायचं असेल तर आधी पाणी आडवं चालवा

सोलापूर जिल्हा म्हटलं की लोकांना काळं सपाट रान, ज्वारी, ऊस आणि डाळिंबच आठवतं. पण बार्शीहून येडशीकडं जाताना बालाघाटचे डोंगर दिसतात ना, त्यांच्या पायथ्याला, नाहीतर माळशिरस-सांगोल्याकडच्या टेकड्यांना, कितीतरी घरांची एक-दोन एकर अशी उताराची बरड जमीन असते. वर वीतभर तांबूस माती, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक. बहुतेक जण ती पड ठेवतात किंवा हुलग्याचं बी फेकून देतात आणि आलं तर आलं म्हणतात. आमची अशी अडीच एकर आहे. आता तिथं सीताफळ, तूर, बाजरी, हुलगा, शेवगा आणि घरापुरता भाजीपाला येतो, म्हणून जे केलं ते क्रमाने लिहितोय. कारण ह्यात क्रमच महत्त्वाचा आहे, पीक तिसऱ्या नंबरला येतं. आधी पाणी, मग गवत आणि झुडपांची ओळ, मग पीक.

आधी थोडं गणित सांगतो, त्याशिवाय इतकी मेहनत कशासाठी ते कळत नाही. एका एकरावरची फक्त १ मिलिमीटर माती वाहून गेली तर ती साधारण ५ टन भरते. एक मिलिमीटर डोळ्याला दिसतसुद्धा नाही. आणि आपल्याकडं पाऊस वर्षाला ५००-५५० मिलिमीटरच्या आसपास असला तरी तो सारखा पडत नाही, मृगात थोडा, मग जुलै-ऑगस्टमध्ये मोठा खंड आणि उत्तरा-हस्तात एकेका रात्रीत ५० मिलिमीटर. त्या एका रात्रीत उघड्या उतारावरनं जे जातं ते परत येत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची कापायची ताकद चौपट होते, म्हणून वरून सुटलेलं पाणी खाली येईपर्यंत ओघळ पाडतं आणि ओघळीची पुढं घळ होते. म्हणजे पाणी अडवायचं म्हणजे काय, तर त्याला वेग घेऊच द्यायचा नाही, डोंगर उतरायच्या ऐवजी डोंगराला आडवं चालायला लावायचं.

पहिलं काम, उतार मोजा आणि सातबारा बघा

सातबारा आधी बघा, कारण टेकडीकडच्या बऱ्याच जमिनी गायरान किंवा वनखात्याच्या हद्दीला लागून असतात. हद्द पक्की नसेल तर मोजणी करून घ्या, नाहीतर पाणी अडवायचे आडवे चर खोदून झाल्यावर भांडण ठरलेलं.

उतार मोजायला फार काही लागत नाही. १० फुटी सरळ बांबू उताराच्या दिशेने धरा, वरचं टोक जमिनीला टेकवा, बांबू पातळीत आणा (वर पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवली तरी कळतं) आणि खालचं टोक जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. १ फूट आलं तर १० टक्के उतार, २ फूट आलं तर २० टक्के. ३ फुटाच्या वर आलं, म्हणजे ३० टक्क्यांच्या वर, तर माझं स्पष्ट मत आहे की तिथं नांगर-कुळव न्यायचाच नाही. तो भाग गवत, सीताफळ, बोर, चिंच ह्यांना सोडा. आमच्या वरच्या अर्ध्या एकरावर आम्ही हेच केलं आणि खालच्या रानाला सगळ्यात जास्त फायदा त्यामुळेच झाला.

अजून एक, जेसीबी लावून एकदम सपाट टप्पे पाडायचा मोह होतो, तो टाळा. आपल्या टेकडीवर वरची चांगली माती वीतभरच असते, मशीन ती खाली गाडतं आणि मुरूम वर आणतं, मग त्या सपाट टप्प्यावर चार वर्षं काही येत नाही. टप्पे पाडायचेच, पण ते पाण्याकडून आणि गवताकडून हळूहळू पाडून घ्यायचे, कसं ते पुढं येतं.

ए-फ्रेम, आणि नजरेवर विश्वास का ठेवायचा नाही

पहिल्या वर्षी आम्ही चर नजरेनं खोदले होते. सरळ दिसत होते. सप्टेंबरात एका रात्री पाऊस झाला, चराचं एक टोक जेमतेम वीतभर खाली होतं, सगळ्या चराचं पाणी त्या टोकाला जमलं, तिथनं भराव फुटला आणि खालचे दोन चर घेऊन गेला. सकाळी जाऊन बघितलं तर जिथं आधी ओघळ नव्हती तिथं गुडघ्याएवढी घळ. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, मला ती सकाळ अजून आठवते. वाकडा चर हा चर नसण्यापेक्षा वाईट, कारण तो पसरून जाणारं पाणी एका जागी गोळा करतो.

म्हणून ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी ए अक्षरासारखी, पातळी बघायची बांबूची चौकट. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या वर्षांत आपल्याकडं गावोगावी पोरांनी ही हातात धरली होती, त्यामुळं बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी सांगतो. साडेसहा फुटाचे दोन सरळ बांबू वर एकत्र घट्ट बांधा, खाली पाय साधारण ६ फूट फाकवा, मध्ये आडवा बांबू बांधा. वरच्या गाठीतून दोरी सोडून तिला दगड बांधा, दगड आडव्या बांबूच्या खाली लोंबला पाहिजे. आता खूण करायची. दोन्ही पाय जिथं टेकलेत तिथं जमिनीवर खुंट्या ठोका, दोरी आडव्या बांबूला जिथं लागते तिथं पेनने रेघ मारा. मग फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा, त्याच दोन खुंट्यांवर ठेवा, परत रेघ मारा. दोन रेघांच्या बरोबर मधला बिंदू म्हणजे पातळी. तिथं खाच पाडून ठेवा, पेनची रेघ पुसली जाते.

मग एक पाय खुंटीवर ठेवून दुसरा पाय वर-खाली सरकवत न्यायचा, दोरी खाचेवर आली की दुसऱ्या पायाशी खुंटी ठोकायची आणि तसंच पुढं चालत राहायचं. काम सकाळी करा, कारण एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर माळावर वारं सुटतं आणि दोरी थांबतच नाही. सगळ्या खुंट्या झाल्या की लांब उभं राहून बघा, एखादी खुंटी दगडामुळं किंवा खड्ड्यामुळं फारच वर-खाली गेली असेल तर थोडी सरळ करून घ्या आणि फक्की (पांढरी पूड) टाकून ओळ आखा. ओळ वळणावळणाची दिसेल, ती तशीच असते, डोंगर जसा वळतो तशी ती वळते.

दोन ओळींत अंतर किती? खालच्या ओळीवर उभं राहायचं, मान न हलवता डोंगराकडं सरळ समोर बघायचं, नजर जिथं जमिनीला टेकते तिथं पुढची ओळ. माणसाच्या डोळ्याची उंची दीड मीटर धरली तर २० टक्के उतारावर दोन ओळींत साडेसात मीटर अंतर येतं, ३० टक्क्यांवर ५ मीटर, १० टक्क्यांवर १५ मीटर. १५ मीटर फार होतं, तिथं मध्ये नुसती गवताची एक पट्टी टाका. आखणी अशी खालून वर करायची पण खोदाई मात्र माथ्याकडून पायथ्याकडं. वरचं पाणी मोकळं सोडून खाली कितीही खोदलं तरी एका पावसात बुजतं.

चर

आम्ही ६० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल ठेवले. हिशोब असा की एक मीटर लांबीच्या चरात २७० लिटर पाणी मावतं. वरची साडेसात मीटरची पट्टी, ५० मिलिमीटर पाऊस, म्हणजे प्रत्येक मीटर लांबीला ३७५ लिटर पडलं, त्यातलं निम्मं वाहून आलं तरी १९० लिटरच्या आसपास, चरात आरामात बसतं.

माती नेहमी खालच्या बाजूला टाका, पण चराच्या काठाला चिकटून नको, वीतभर जागा सोडून ताल (मातीचा आडवा बांध) घाला म्हणजे ती परत आत ढासळत नाही. केनियात ह्याच्या उलट करतात, माती वरच्या बाजूला फेकतात, स्वाहिली भाषेत त्याला फान्या जू म्हणतात आणि मचाकोस भागातले डोंगर त्या पद्धतीने टप्प्याटप्प्याचे झालेत. पण तिकडं माती खोल आहे. आपल्या वीतभर मातीला खालचा ताल बरा.

चर एकसलग लांबच लांब न ठेवता दर १०-१२ मीटरला हातभर जागा न खोदता सोडा. मग पातळीत थोडी चूक राहिली तरी सगळं पाणी एका टोकाला जात नाही. आणि सांडवा ठेवायचाच, म्हणजे तालाची एक जागा थोडी खाली ठेवून तिथं दगड लावून घ्यायचे, एका ओळीचा सांडवा डावीकडं तर खालच्या ओळीचा उजवीकडं. ऑक्टोबर २०२० च्या मध्यात पंढरपूर-सोलापूर सगळीकडं जो पाऊस झाला तेव्हा आमचे सगळे चर भरून सांडले, पण सांडव्यातून सांडले, ताल एकही फुटला नाही. खोदाई एप्रिल-मेमध्ये होते पण मुरूम फार कडक असेल तर एखाद्या वळवाची वाट बघा, त्यानंतर दोन दिवस टिकाव चांगला चालतो.

हे सगळं बरड, मुरमाड जमिनीसाठी आहे. पायथ्याला जिथं खोल काळी माती सुरू होते तिथं असले ताल घालू नका, काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाणी भेगेत शिरतं आणि ताल फुटतो, शिवाय पावसाळ्यात पाणी तुंबून पीक पिवळं पडतं. काळ्या रानात गवताची पट्टी आणि उताराला आडवी पेरणी पुरे.

आधीच पडलेली घळ असेल तर तिच्यात अनघड दगडी बांध घाला. मोठे दगड खाली आणि बाहेरून, छोटे आत, दोन्ही काठांत हातभर खोल रुतवून, आणि मध्यभाग बाजूंपेक्षा खोलगट, नाहीतर पाणी काठ कापून शेजारून वाट काढतं. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीला आला पाहिजे, अंतराचा नियम एवढाच.

गवत आणि झुडपांची ओळ

इथं बरेच जण थांबतात आणि इथंच सगळं फसतं. चर तीन-चार वर्षांत गाळाने भरतो. तेवढ्या काळात तालावर जिवंत कुंपण उभं राहिलं नसेल तर परत शून्यावर.

फिलिपाईन्समध्ये मिंदानाओ बेटावर १९७० च्या दशकात ह्यावर मोठं काम झालं. हॅरॉल्ड वॉटसन नावाचा अमेरिकन माणूस तिथल्या डोंगरी शेतकऱ्यांबरोबर राहिला आणि समपातळीच्या ओळींवर सुबाभळीसारख्या द्विदल झुडपांची दाट दुहेरी कुंपणं आणि मधल्या पट्ट्यात पिकं अशी पद्धत बसवली, त्याला १९८५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. झुडूप कापायचं, पाला मधल्या पट्ट्यात टाकायचा, मुळांनी माती धरायची. पद्धत मला मनापासून पटते, पण जशीच्या तशी उचलू नका. तिकडं पाऊस आपल्या कितीतरी पट. तिथं दोन ओळी अर्ध्या मीटरवर लावतात, आपल्याकडं तेवढी दाटी केली तर ऑगस्टच्या खंडात झुडूप पिकाचं पाणी पिऊन टाकतं. आम्ही एकच ओळ ठेवली, रोपांत १ मीटर अंतर. दुसरं म्हणजे तिकडं सगळी भिस्त सुबाभळीवर होती आणि ८० च्या दशकाच्या मध्यात तिच्यावर एक रस शोषणारी कीड आली, कुंपणंच्या कुंपणं बसली. म्हणून एकाच झाडावर सगळं ठेवू नका.

आमच्या तालावर मुख्य झाड गिरिपुष्प, ज्याला लोक उंदीरमारी म्हणतात. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राने त्याच्या पाल्याच्या खतावर बरीच वर्षं काम केलंय. शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत हा मोठा गुण. फांद्या रोवूनही येतं, पण उतारावर बियांपासून केलेली रोपंच लावा, त्यांचं सोटमूळ खोल जातं, फांदीच्या झाडाची मुळं वरवर राहतात. मध्ये मध्ये शेवरी, शेवगा, आणि दर तीन मीटरला तुरीचे दाणे टोकलेत. झाड कमरेएवढं झालं की गुडघ्यावर छाटायचं, जुलैअखेर एकदा आणि सप्टेंबरात एकदा, फुलोऱ्याच्या आधी, आणि कोवळा पाला पिकाच्या ओळीत पसरायचा.

खरा ताल मात्र गवत धरतं. मारवेल आणि अंजन ही दोन्ही आपल्या माळाचीच गवतं, त्यांचे ठोंब पहिल्या पावसात वीतभर अंतराने लावा, सोबत स्टायलो ह्या चाऱ्याच्या पिकाचं बी फेका. वाळा तर सगळ्यात भारी, मुळं सरळ खाली तीन मीटरपर्यंत जातात आणि कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी पिढ्यान्पिढ्या बांधावर लावत आलेत, पण पहिल्या वर्षी त्याला पाण्याचा आधार लागतो म्हणून आम्ही फक्त सांडव्याच्या तोंडाशी लावला. हद्दीला शेर किंवा घायपात.

आणि चराई. पहिली दोन वर्षं तालावर जनावर आलं तर सगळी मेहनत गेली म्हणून समजा. आम्ही भांडलो नाही. ज्यांच्या शेळ्या यायच्या त्यांना सांगितलं, गवत कापून न्या, पाहिजे तेवढं न्या, पण जनावर आत सोडू नका. दुसऱ्या वर्षापासून तेच राखण करायला लागले. सुगी झाल्यावर मात्र धनगरांच्या मेंढ्या खतासाठी मुद्दाम बसवतो, दोन रात्री, आणि त्या कुठं बसवायच्या ते खाली सांगतो.

आता पीक

पहिल्या वर्षी काही मोठं अपेक्षित ठेवू नका, जमीन झाकणारं पीक घ्या, हुलगा किंवा मटकी. पाऊस उघड्या मातीवर आपटतो तेव्हा कण सुटतात, पानावर आपटला तर सुटत नाहीत, एवढं साधं आहे. हुलग्याचे सीना, माण हे वाण ह्याच भागासाठी आहेत. दुसऱ्या वर्षापासून बाजरी आणि तूर, दोन ओळी बाजरी एक ओळ तूर, पाभर (पेरणीचं औजार) उताराला आडवी, तालाला समांतर. तुरीचा बीडीएन ७११ हा वाण लवकर येतो, हलक्या रानाला बरा. बाजरी सप्टेंबरात निघते, तूर पुढं उभी राहते, म्हणजे हस्ताच्या पावसात रान उघडं पडत नाही. भुईमूग मात्र उतारावर नको, कारण काढणीला सगळी माती उकरावी लागते आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस असतो. झुडपाच्या ओळीपासून पिकाची पहिली ओळ दीड-दोन फूट लांब ठेवा.

चराच्या वरच्या कडेला जो गाळ साचतो ती तुमच्या टेकडीवरची सगळ्यात चांगली जागा. तिथं दोडका, भोपळा, घेवडा, पावटा. वेल तालावर चढवा. माझी आई ह्या पट्टीवर पावसाळाभर भाजी काढते, बाजारातनं आणायची वेळ फार कमी येते.

तीन वर्षांनी एक गोष्ट दिसायला लागते जी आम्हाला आधी कोणी सांगितली नव्हती. प्रत्येक पट्ट्यात खालच्या बाजूला माती जमत जाते आणि वरच्या बाजूची, म्हणजे वरच्या तालाच्या लगेच खालची, पातळ होत जाते. हळूहळू टप्पा तयार होतोय म्हणजे चांगलंच आहे, पण वरची पट्टी नापीक होते, बाजरी तिथं गुडघ्याएवढीच राहते. म्हणून शेणखत सगळीकडं सारखं टाकू नका. निम्म्याहून जास्त त्या पातळ पट्टीत टाका, गिरिपुष्पाचा पाला तिथंच, मेंढ्याही तिथंच बसवा, आणि दरवर्षी मृगाच्या आधी चरातला गाळ काढून पाट्यांनी तिथंच वर न्या.

फळझाडांत सीताफळ. शेळी खात नाही, उन्हाळ्यात पानं गाळून निवांत राहतं, पावसावर बहार धरतं. वाणांत बालानगर आहे, फुले पुरंदर आहे, आणि बार्शी तालुक्यातल्याच गोरमाळ्याचा एनएमके-१ गोल्डनही लोक लावतात. पण बिनपाण्याच्या जागेला मी बालानगरच सांगेन. झाड चरात लावायचं नाही, पाणी साचून मूळ कुजतं, तालाच्या खालच्या उताराला पायथ्याशी लावायचं, ५ मीटर अंतराने. ओळींपासून दूर एकटं झाड असेल तर त्याच्या खालच्या बाजूला अर्धचंद्र आळं, टोकं वरच्या दिशेला. पहिले दोन उन्हाळे प्रत्येक रोपाशेजारी एक मडकं पुरलं, तळाला बारीक भोक पाडून वात घातली, आठवड्याला १० लिटर पाणी आणि आळ्यात तुरीची काडं-सरमाड झाकण. लागवडीला भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेतून तीन वर्षांत अनुदान मिळतं, रोजगार हमीतूनही होतं, कृषी खात्याच्या गावातल्या कर्मचाऱ्याला लावायच्या आधी भेटा, नंतर नाही.

पावसाळ्यात फिरायचं

प्रत्येक मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं घेऊन सगळ्या ओळी चालून या. तालात उंदराचं, घुशीचं, खेकड्याचं बीळ दिसलं तर लगेच माती ठोकून बुजवा, बोटाएवढ्या बिळातनं ताल फुटतो. सांडव्यात काडीकचरा अडकतो तो काढा. जमलं तर पाऊस चालू असतानाच छत्री घेऊन जा, पाणी कुठं थांबतं आणि कुठं पळतं हे तेव्हाच खरं कळतं, आमच्या दोन चुका मला तशाच सापडल्या. दिवाळीनंतर गवत वाळलं की वरच्या कडेने वणवा अडवायला तीन मीटरचा जाळपट्टा साफ करा. बांध पेटवून साफ करायची सवय असेल तर ती पूर्ण सोडा, एका वणव्यात तीन वर्षांचं गवत जातं.

पायवाटेचं सगळेच विसरतात. सीताफळाचे डोळे उघडले, मधल्या भेगा पिवळसर पांढऱ्या दिसल्या की रोज सकाळी क्रेट घेऊन वर-खाली जावं लागतं आणि माणूस सरळ वाट पाडतो. ती सरळ वाट दोन पावसाळ्यांत ओघळ होते आणि प्रत्येक ताल नेमका तिथंच फुटतो. वाट नागमोडी पाडा, तालाला समांतर लांब चालून मग वळणारी, आणि जिथं ती ताल ओलांडते तिथं चराचा न खोदलेला भाग धरून चार सपाट दगड बसवा, दगडांच्या दोन्ही बाजूला मारवेलचे ठोंब.